गावपळणीत मागे राहिलेलं घड्याळ

स्वारगेटहून मालवणची एसटी संध्याकाळी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत घड्याळजीचं भिंग, झाकण उघडायची बोथट सुरी, मऊ कातड्याचा तुकडा, एक रिकामी मखमली डबी आणि चार दशम्या होत्या. कपडे दुसऱ्या पिशवीत, सीटखाली. प्रवासाला दोनच पिशव्या न्याव्यात आणि त्यातली मोलाची मांडीवर ठेवावी, हा माझा नियम आहे. त्या दिवशी मोलाची पिशवी जवळजवळ रिकामी होती. भरायची होती ती आचऱ्याला.

जुनी मनगटी घड्याळं जमवणं हा माझा छंद. भारीतली, स्विस, हाताने चावी द्यायची. एका कारखान्यात भांडार विभाग सांभाळत असल्यामुळे नोंदी ठेवणं आणि जागच्या जागी वस्तू लावणं हे अंगात मुरलेलं, आणि घड्याळांना तेच लागतं. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. आखातातून येणारी आकड्यांची घड्याळं जो तो मनगटावर बांधून मिरवत होता आणि वडिलांची सोन्याची घड्याळं कपाटात फेकत होता. माझ्यासारखीला असा काळ पुन्हा मिळणार नव्हता. मी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली आणि पत्रांची वाट पाहू लागले.

आचऱ्याच्या परब मास्तरांचं आंतरदेशीय पत्र आलं. निवृत्त शिक्षकाचं सुरेख अक्षर. ‘वडिलांचे घड्याळ आहे. सोन्याचे. वार दाखवते. खिडकीत चंद्र फिरतो. आई रोज सकाळी चावी देते. वडील वारले त्यास बरीच वर्षे झाली, पण त्यांनी लावलेला वार अजून बरोबर आहे, कारण घड्याळ एकदाही बंद पडलेले नाही. आईनंतर मात्र त्यास चावी देणारे कोणी नाही.’ खाली पेन्सिलीने तबकडी काढलेली. ते चित्र पाहून मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. चंद्रकला आणि वार दाखवणारं तसलं घड्याळ मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही काचेआड. मिळवायच्या घड्याळांच्या माझ्या यादीत ते वर्षानुवर्षं पहिलं होतं. दोन पत्रांत व्यवहार ठरला. मी येण्याचा वार कळवला आणि रजा टाकली.

पहाटे गगनबावड्याचा घाट उतरून गाडी तळेऱ्याला आली आणि तिचं मागचं चाक बसलं. चाक बदलेपर्यंत उतारू चहाच्या खोपटाकडे गेले. तिथल्या बाईंनी गरम घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) आणि गुळाचा चहा दिला.

“बाय, वाजले किती?” त्यांनी विचारलं.

मी ऐटीत मनगट पुढे केलं. काटे दोनवर थांबलेले. मी रोज संध्याकाळी चावी देते. निघण्याच्या धांदलीत काल राहून गेली होती. पूर्ण चावी दिलेलं असं घड्याळ एक दिवस चालतं, वर आणखी पाच-सहा तास ओढतं आणि मग मुकाट्याने थांबतं.

“बंद पडलंय,” मी म्हणाले.

“मगे घातलास कित्या?”

मी आणखी एक घावन मागितलं.

कणकवलीला गाडी बदलली. आचऱ्याच्या रस्त्यावर आंब्याच्या बागा, कापून झालेली भातशेतं, मधूनच नारळांच्या शेंड्यांवरून दिसणारी खाडीची चमक. गाडीत मी धरून जेमतेम आठ-दहा माणसं. कंडक्टर तिकिटं मोजून माझ्याजवळ आला.

“बाई, आचऱ्यात कोणाकडे?”

“परब मास्तरांकडे.”

“आचऱ्यात आज कोण नाय. गाव पळालो हा.”

“कुठे पळाला?”

“वेशीभायर. काल दुपारी. देवान सांगितल्यान.”

मग तो समोरच्या सीटवर बसला आणि मला नीट समजावून सांगितलं. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्याचा देव कौल देतो (देवाला फुलं किंवा तांदूळ लावून घेतलेली आज्ञा), आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून जातो. हिला गावपळण म्हणतात. देवळातला नगारा वाजला की सगळ्या जातीधर्मांची माणसं निघतात, आणि माणसांबरोबर गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंही. मागे एकही जिवंत वस्तू ठेवायची नाही. चौथ्या दिवशी देवाने परत बोलावलं की गाव भरतो.

हे मला कळवायचं सोडून मास्तरांनी काय केलं, असं मनात आलं. (कळवलं होतं. त्यांचं पत्र मी निघाल्यानंतर पुण्याच्या घरी पोचलं.) कंडक्टरने मला वेशीच्या अलीकडे उतरवलं आणि हात करून खाडीकाठचा माळ दाखवला.

मी पुष्कळ जत्रा पाहिल्या आहेत, पण असं दृश्य नाही. माळभर झापांच्या (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांच्या) राहुट्या, चुलींचा धूर, दावणीला गुरं, टोपल्यांखाली कोंबड्या. एका गोणपाटातून मांजराचं डोकं बाहेर आलं होतं आणि ते सगळ्यांवर रागावलेलं होतं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, गाव होता. कौलं दिसत होती, देवळाचं शिखर दिसत होतं, आवाज मात्र काही म्हणजे काही येत नव्हता.

परब मास्तर धोतर सावरत लगबगीने आले. सत्तरीचे, सडपातळ, डोळ्यांत मोतीबिंदू. माझं नाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“माझं पत्र नाही मिळालं? शुक्रवारपर्यंत गावात पाय टाकता येणार नाही. घड्याळ घरात आहे. ट्रंकेत कुलूपबंद.”

माझी रजा रविवारपर्यंत होती. मी उभ्या उभ्या हिशेब केला. मालवणात खोली घेऊन थांबणं, पुण्याला परतून पुन्हा येणं, किंवा इथेच राहणं. पहिल्यात खर्च, दुसऱ्यात तोच घाट. तिसरं बोलून दाखवायच्या आत मास्तरांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी माझी कपड्यांची पिशवी उचलून राहुटीत नेली.

“पाहुणी वेशीवरसून परत जावची नाय,” त्या म्हणाल्या. “पेज जेवतास मां?”

राहुटीत मास्तरांच्या आई बसल्या होत्या. नव्वदीच्या घरातल्या, लहानखुऱ्या, नऊवारीच्या ओच्यात कापडाची रिकामी पिशवी खोचलेली. त्यांना मी पहिल्यापासून आजी म्हटलं. आजी कोणाशी बोलत नव्हत्या.

कारण जेवताना कळलं. घड्याळ एरवीही आजींच्या कमरेच्या त्या पिशवीत असे, आणि आधीच्या प्रत्येक गावपळणीत तिच्यातूनच वेशीबाहेर येई. चालतं घड्याळ त्यांच्या लेखी जिवंतच. कोंबड्यांसारखंच तेही न्यायचं. या खेपेला गिऱ्हाईक येणार म्हणून मास्तरांनी ते वाळूपासून आणि चोरांपासून जपायला ट्रंकेत ठेवलं. आजींनी मंगळवारी सकाळी दहाला, सगळ्यांसमोर, नेहमीसारखी पूर्ण चावी दिली होती. मुलाने ते बरोबर घेतलं असेल असं त्यांनी धरलं. मुलाने त्याचा विचारच केला नाही. वेशीबाहेर आल्यावर आजींनी पिशवीत ठेवायला ते मागितलं.

“ह्यांका सांगितलेलंय, आयेच्या पिशयेत घाला म्हणान,” सुलोचनाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. “पोरांका शिकवन शिकवन आयकूचा विसारले.”

शेजारच्या राहुटीतला बाबी नावाचा रापणकर (मोठं जाळं ओढून मासे धरणारा) विडी ओढत ऐकत होता. “गे म्हातारे, कोंबडो ठेवन इलंस तर आरवतलो तरी. घड्याळ कोणाक आयकू येता?”

“देवाक येता, मेल्या,” आजी पहिल्यांदा बोलल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “बाय, तुका घड्याळांतला कळता मां? आत्ता चालता काय तां?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या विषयातलं कोणी विचारलं की माझ्याच्याने राहवत नाही. “मंगळवारी दहाला चावी दिली ना? मग आत्ता चालत असणार. आज दुपारी चारच्या सुमाराला थांबेल.”

माळावर बुधवारची भर दुपार होती. आजींनी पेजेची वाटी खाली ठेवली. त्या राहुटीच्या दाराशी, गावाकडे तोंड करून बसल्या, आणि चार वाजून गेल्याचं मास्तरांनी सांगेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस मात्र मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे. घराला कुलूप आणि हाताला काम नाही, म्हणून माणसं अशी मोकळी झाली होती की बस. सकाळी पेज आणि भाजलेली सुकी मासळी, दुपारी तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे), वर सोलकढी. एका राहुटीत भजन, दुसरीत पत्ते, तिसरीत फुगड्या. मला फुगडीला ओढलं आणि माझी चप्पल चुलीत जाता जाता वाचली. सगळीकडे गजाली (गप्पागोष्टी) चालू. घड्याळं घ्यायला बाई आलीय ही बातमी माळभर पसरली, आणि माणसं आपापली घड्याळं दाखवायला येऊ लागली. एकाने गजराचं टेबलघड्याळ आणलं. ते त्याने रीतसर कोंबड्यांच्या टोपलीत घालून वेशीबाहेर काढलं होतं. प्रत्येक जण आधी तेच विचारी, “मिस्टरांका आवाड दिसता घड्याळांची?” मला आहे म्हटलं की पुन्हा एकदा मला निरखून बघे. बाबीने आपलं आखाती घड्याळ माझ्यापुढे धरलं.

“मॅडम, ह्याका चावी लागत नाय.”

“मग याला सांभाळतं कोण?”

“तांच तर. कोण नाय,” बाबी म्हणाला आणि ते परत मनगटात चढवलं.

गुरुवारी संध्याकाळी खाडीला भरती लागली, चंद्र वर आला, तशी आजींनी मला शेजारी बसवलं आणि घड्याळाची कूळकथा सांगितली. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. एका सफरीत बोटीचा फ्रेंच कप्तान पोटाने इतका आजारी पडला की पाणीही ठरेना. यजमानांनी त्याला आपल्या वाटणीच्या तांदळाची पेज करून पाजली, रोज, बंदर लागेपर्यंत. कप्तान उतरताना आपल्या हातचं घड्याळ काढून यजमानांच्या हाताला बांधून गेला.

“पेजेचा घड्याळ तां,” आजी म्हणाल्या. “ते गेले, त्येच्या दुसऱ्या दिसापासून चावी मी दितंय. झील (मुलगा) म्हणता, आता विकूया. मी हो म्हणूक नाय, नाय म्हणूक नाय.”

मग त्यांनी माझा हात धरला. “आयक, बाय. बुधवारी तां चालत आसला, तर देवाच्या रित्या गावात माजी जिती वस्तू रवली. मगे माका तां घरात नको. तू घेवन जा. पैसो पण नको. पण मंगळवारीच थांबला आसला, तर त्येना देवाचा आयकला. मगे तां खंय जावचा नाय.”

मास्तर चुळबुळले. मी मान डोलावली. कोणत्याही हिशेबाने घड्याळ माझं होतं. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग मध्यरात्रीपर्यंतच्या चौदा तासांत सुटत नाही. मला फक्त आजींकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी कौल झाला. देवाने हो म्हटलं, नगारा वाजला आणि माळ बघता बघता मोकळा झाला. गुरं पुढे, टोपल्या डोक्यावर. गोणपाटातल्या मांजराने वेशीवर उडी मारली आणि ते सगळ्यांच्या आधी घरी पोचलं. मास्तरांचं अंगण तीन दिवसांच्या पानगळीने भरलं होतं. आत गारवा आणि बंद घराचा वास. कोणी झाडू घेतला नाही, चूल पेटवली नाही. सगळे ट्रंकेभोवती. बाबीही आला होता. त्याला बोलवायची गरज नव्हती.

मास्तरांनी कुलूप काढलं, कपड्यांच्या तळातून जुन्या धोतराची पुरचुंडी काढली आणि सोडली.

घड्याळ पेन्सिलीच्या चित्राहून देखणं होतं. पिवळटलेली तबकडी, निळे काटे, अर्धवर्तुळाच्या खिडकीत चांदण्यांसकट सोन्याचा चंद्र. काटे पावणेचारवर उभे होते.

“घ्या,” बाबी म्हणाला. “मॅडमनी चार सांगितलानी, पावणेचार झाले. बुधवारचे.”

मास्तरांनी मान हलवली. आजींनी घड्याळ एकदा गालाला लावलं, मग माझ्या ओंजळीत ठेवलं. “घेवन जा, बाय,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

मी मखमली डबी काढली. डबीत ठेवण्याआधी भिंग डोळ्याला लावलं, निव्वळ सवयीने. तबकडीवर ओरखडे आहेत का ते बघायला. वाराची खिडकी तांदळाच्या कणीएवढी. अक्षरं मुंगीच्या पावलांसारखी, आणि वारांची नावं फ्रेंचमध्ये, घड्याळांच्या नादात मला पाठ झालेली. त्या घरात ती भिंगातून वाचू शकणारी मी एकटी होते.

मी वाचलं. भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग उजेडात, दारापाशी जाऊन, तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची खरं तर गरज नव्हती.

“मंगळवार,” मी म्हणाले.

“काय?” मास्तर म्हणाले.

“वार मंगळवार आहे. वार मध्यरात्री बदलतो. म्हणजे बुधवार उजाडलाच नाही. मंगळवारी दुपारी पावणेचारला थांबलंय.”

“पावणेचार,” बाबी हळूच म्हणाला. “पांडग्याची म्हस सगळ्यात शेवटाक भायर पडली. मी हाकलीत होतंय. पावणेचारच झाले आसतले.”

आजी भिंतीकडून वळल्या. त्यांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. सुलोचनाबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “माणसां गेली, गुरां गेली, मगे थांबला गो तां.”

मी प्रामाणिकपणे कारण सांगितलं. इतक्या वर्षांत घड्याळ कधी साफ झालेलं नाही, आतलं तेल सुकून चिकट झालेलं असणार. आजींच्या कमरेच्या उबेवर ते आजवर चालत राहिलं. थंड ट्रंकेत, निश्चल पडल्यावर, काही तासांतच अडकलं.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. “आसात,” त्या म्हणाल्या. “तेल सुकला. पण सुकयल्यान कोणी?”

मी डबी मिटून पिशवीत टाकली.

“पुण्याला साफ करून आणून देते,” मी म्हणाले. “माझा घड्याळजी चांगला आहे.”

“नको. चावी दी आणि माझ्या हातात दी. मी जितां करतंय त्याका.”

मी चावी दिली. आजींनी ते दोन्ही तळव्यांत मिटून धरलं, थंडीत सापडलेलं पिल्लू धरावं तसं. आम्ही सगळे उभे. थोड्या वेळाने त्यांनी मूठ माझ्या कानाशी नेली. चालत होतं.

“आता वार तू लाव,” त्या म्हणाल्या.

त्या घड्याळात वार बदलायला कडेला एक बारीक खळगी असते. ती टोकदार वस्तूने दाबायची. लोखंडी टाचणीने सोन्यावर चरा पडतो, म्हणून मी सुलोचनाबाईंकडे खराट्याची हीर (नारळाच्या पातीचा शिरा) मागितली. हिरीने मी खळगी दाबली. बुधवार. गुरुवार. शुक्रवार. मास्तरांच्या वडिलांनी बोटीवर कुठेतरी लावलेला वार त्या मंगळवारपर्यंत चालत आला होता. त्यापुढचा मी लावला. मग काटे जुळवून घड्याळ आजींच्या ओच्यातल्या पिशवीत घातलं. तेव्हा कुठे सुलोचनाबाईंनी चूल पेटवली.

शनिवारी मालवणला आले. बंदरावर उभं राहून पाण्यातला किल्ला पाहिला, बाजारात खाजं, आमसुलं आणि सुके बोंबील घेतले. मखमली डबीत बोंबील मावत नाहीत, पण मांडीवरची पिशवी पुण्याला जाताना भरलेली होती, एवढं खरं. तिच्या वासामुळे शेजारच्या गृहस्थांनी फोंडा घाटात जागा बदलली आणि मला पाय पसरता आले.

घरी मास्तरांचं पत्र पडलं होतं: ‘गावपळण ठरली आहे, तरी पुढील आठवड्यात यावे.’ ते वेळेवर मिळतं, तर मी आठवड्याने गेले असते, घड्याळ ट्रंकेतून निघून केव्हाच आजींच्या कमरेला परत आलेलं असतं, वारही तीन दिवस मागे पडलेला असता, आणि आजींनी शेवटी काय ठरवलं असतं कोण जाणे. यादीतला पहिला क्रमांक मी खोडला नाही आणि त्याच्यापुढे खूणही केली नाही. शेरा लिहिला: ‘आचरे. चालू स्थितीत.’

आता मास्तरांचं पोस्टकार्ड वेळेवर येतं. गावपळण ठरल्याचं कळलं की मी माझ्या घड्याळांना तीन दिवस चावी देत नाही. पहिल्या रात्रीपर्यंत सगळं कपाट टिकटिकत असतं. मग एकेक थांबत जातं, आणि तिसऱ्या दिवशी घरात इतकं शांत होतं की मला वेशीपलीकडची ती कौलं दिसतात. चौथ्या सकाळी मी आंघोळ करून कपाट उघडते आणि एकेका घड्याळाला आधी तळव्यात धरते, मग चावी देते.